थेट म्हणजे केव्हा?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चालू होता आणि तिथून जेमतेम दीड किलोमीटरवर आम्ही तो फोनवर पाहत होतो. तिकिटे मिळाली नव्हती. घरची केबल जोडणी दोन वर्षांपूर्वीच काढून टाकली होती, कारण सगळे काही फोनवर दिसतेच, असा आमचा हिशेब. फोन स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला होता. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतक करून उभी होती आणि ती उभी आहे तोवर सामना आपला नाही, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

फोनवर एकेचाळिसावे षटक अजून संपत होते. एवढ्यात उघड्या खिडकीतून स्टेडियमचा आवाज आला. आधी चढत गेलेली गर्जना, मग एकदम दबलेले ‘हाऽऽ’, पुन्हा तसेच काहीतरी, आणि मग फुटलेला धबधबा. पुतण्या म्हणाला, “काका, लॉरा गेली!” मी म्हणालो, “अरे, चेंडू तर टाकू दे.” तोवर खालच्या मजल्यावरच्या जोश्यांकडे, जिथे अजून केबल आहे, खुर्च्या सरकल्याचा आणि ओरडण्याचा आवाज झाला. त्यानंतर बऱ्याच वेळाने आमच्या फोनवर दीप्ती शर्माने बेचाळिसाव्या षटकाचा पहिला चेंडू टाकला, वोल्वार्टने तो उंच मारला, अमनज्योत कौर धावत आली, चेंडू तिच्या हातातून उसळला, पुन्हा उसळला आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने तो पकडला.

तो झेल आम्ही नीट पाहिला. पण तो सुटेल अशी भीती आम्हाला एक क्षणही वाटली नाही. स्टेडियममधल्या लोकांनी जो श्वास रोखला तो आमच्या वाट्याला आलाच नाही. आम्हाला निकाल आधी मिळाला आणि खेळ नंतर. ‘थेट प्रक्षेपण’ ही अक्षरे मात्र पडद्याच्या कोपऱ्यात सबंध वेळ लाल रंगात झळकत होती. त्या रात्रीनंतर या ‘थेट’चा अर्थ काय, हे शोधण्याच्या मागे मी लागलो. हाती आले ते असे.

आवाजाचा हिशेब सर्वांत सोपा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दीड किलोमीटर यायला त्याला साडेचार सेकंद लागतात. विजेच्या आणि प्रकाशाच्या वेगाने येणारे चित्र त्याच्या कितीतरी आधी पोचायला हवे. पावसाळ्यात आधी वीज दिसते आणि मग गडगडाट ऐकू येतो, तसे. इथे गडगडाट आधी आला आणि वीज अर्ध्या मिनिटाने चमकली. मग तो वेळ गेला कुठे?

मैदानावरच्या अनेक कॅमेऱ्यांची चित्रे बाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये येतात. तिथे दिग्दर्शक त्यांतले एक निवडतो, धावफलक त्यावर चढतो. हे चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर ते फार जड, म्हणून ते दाबून लहान करावे लागते. दाबणारे यंत्र लागोपाठची चित्रे एकमेकांशी ताडून फक्त बदललेला भाग ठेवते. हिरवळ तीच आहे, ती पुन्हा कशाला पाठवायची? पण ताडायचे तर पुढची काही चित्रे हाताशी यावी लागतात, म्हणजे थांबावे लागते. मग वाहिनीच्या केंद्रात वेगवेगळ्या भाषांतले समालोचन आणि जाहिराती त्यात मिसळतात. इथपर्यंत जोश्यांचा टीव्ही आणि आमचा फोन यांची वाट साधारण एकच आहे.

पुढे टीव्हीचे चित्र सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाते आणि खाली येते. एवढा लांबचा प्रवास, पण त्याला लागतो पाव सेकंद. खाली उतरताना ते एकाच वेळी अवघ्या देशावर पडते, पावसासारखे. त्या पावसाखाली दहा डिश असोत की दहा कोटी, वर काही फरक पडत नाही. केबलवाल्याची किंवा डीटीएचची यंत्रे आपापले सेकंद-दोन सेकंद घेतात, तेवढाच काय तो घरोघरचा फरक.

फोनची गोष्ट निराळी. इंटरनेटवरून पाहणारा प्रत्येक जण स्वतंत्रपणे मागणी करतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र धार सोडावी लागते. त्यासाठी चित्राच्या पाच-सहा प्रती तयार होतात. चांगल्या जोडणीसाठी ठळक, दुबळ्या जोडणीसाठी अंधूक. मग प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. ॲपल कंपनीने २००९ मध्ये आणलेली ही पद्धत आज जगभर रुळली आहे. सुरुवातीला दहा सेकंदांचे तुकडे करावेत अशी शिफारस होती, पुढे ती सहा सेकंदांवर आली. सहा सेकंदांचा तुकडा म्हणजे सहा सेकंदांचा खेळ होऊन गेल्याशिवाय तुकडा पुरा होत नाही आणि पुरा झाल्याशिवाय निघत नाही. निघाला की तो शहराशहरांतल्या साठवण-केंद्रांत जातो आणि तिथून आपला फोन एकेक तुकडा मागून घेतो.

त्यातही फोन पहिला तुकडा हाती येताच दाखवायला सुरुवात करीत नाही. साधारण तीन तुकडे जमले की तो चालू होतो. हा साठा म्हणजे बफर. ज्यांच्या नळाला दिवसाआड पाणी येते त्यांना हे समजावून सांगायला नको. पिंप भरलेले असेल तर नळ मध्येच गेला तरी आंघोळ अडत नाही. मात्र आपण जे पाणी वापरतो ते आत्ताचे नसते. सहाचे तीन तुकडे म्हणजे अठरा सेकंद इथेच गेले. दाबणे, पाठवणे, उलगडणे यांचे धरले की पाऊण किंवा अर्धे मिनिट सहज होते. शिवाय मध्येच जोडणी चार सेकंद रखडली तर तो फोन आणखी चार सेकंद मागे पडतो. काही ॲप चित्र किंचित वेगाने पळवून ही तूट भरतात, काही भरत नाहीत. म्हणून एकाच घरात, एकाच वाय-फायवर, शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन एकच चेंडू वेगवेगळ्या वेळी दाखवतात. आमच्याकडे हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला फोन यांच्यात त्या रात्री सात-आठ सेकंदांचे अंतर होते. ही घरगुती मोजणी आहे. घड्याळ पुतण्याच्या हातात होते आणि त्याचे अर्धे लक्ष सामन्यात.

हे कमी करता येत नाही असे नाही. तुकडा पुरा होण्याआधीच त्याच्या कपच्या पाठवण्याची सोय ॲपलनेच २०१९ मध्ये जाहीर केली. परदेशातल्या लेकीशी आपण व्हिडिओवर बोलतो तेव्हा उशीर एका सेकंदाचाही नसतो. मग सामन्यालाच का?

उत्तर आकड्यांत आहे. २०१९ च्या पुरुषांच्या विश्वचषकात मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेला. त्या दिवशी हॉटस्टारवर एकाच क्षणी सामना पाहणाऱ्यांची संख्या २ कोटी ५३ लाखांवर गेली होती. मार्टिन गप्टिलच्या फेकीने धोनी धावबाद झाला आणि ही संख्या काही मिनिटांत कोसळली. यंत्रणेची खरी कसोटी त्या कोसळण्यातच होती, असे तिथल्या अभियंत्यांनी पुढे जाहीर व्याख्यानांत सांगितले आहे. हिरमुसलेले लोक ‘मागे’चे बटण दाबून ॲपच्या पहिल्या पानावर आले आणि इतका वेळ निवांत असलेल्या त्या पानावर एकदम कोट्यवधींची धाड पडली. असे प्रसंग ओळखून ही मंडळी गर्दी येण्याआधीच यंत्रे वाढवून ठेवतात आणि ताण आला की शिफारशींसारखी बिनमहत्त्वाची कामे बंद करून फक्त सामना चालू ठेवतात. धोनी बाद झाल्याचे दुःख यंत्रांनाही पेलावे लागले, हे वाचून मला थोडे बरे वाटले.

२०२३ मध्ये अहमदाबादच्या अंतिम सामन्याला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. प्रत्येकाला सेकंदाला दहा लाख बिट एवढीच किरकोळ धार सोडली असे धरले, तरी एकूण सेकंदाला ५९ लाख कोटी बिट होतात. एवढा प्रवाह वाहत असताना पिंप लहान ठेवले तर जरा कुठे नळ अडखळला की लाखो पडद्यांवर ते गोल चक्र फिरू लागणार. उशीर झालेला प्रेक्षकाला बहुधा कळत नाही, चक्र मात्र लगेच कळते, आणि चक्र दिसले की तो ॲपला शिव्या देतो. कंपन्या या दोन दोषांतला न दिसणारा दोष पत्करतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. माझी तक्रार त्या लाल अक्षरांपुरती आहे.

पण न दिसणारा उशीर दिसतो केव्हा? १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला गेला होता. तिकडचे कसोटी सामने ऑस्ट्रेलियातल्या श्रोत्यांना ऐकवण्यासाठी तिथल्या नभोवाणीने एक युक्ती योजली. मैदानावरून सांकेतिक भाषेत तारा येत. सिडनीच्या स्टुडिओत त्या उलगडल्या जात आणि समालोचक त्यांवरून जणू समोर बघत असल्यासारखे समालोचन करीत. बॅटचा आवाज काढण्यासाठी लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिल आपटत आणि टाळ्यांची ध्वनिमुद्रिका लावत. श्रोत्यांना हे ठाऊक होते, तरी ते रात्र रात्र जागून ऐकत. सामना काही मिनिटे शिळा असे, पण तो सगळ्यांनाच सारखा शिळा असे. शेजाऱ्याच्या घरून डॉन ब्रॅडमन बाद झाल्याची आरोळी आधी येण्याची सोय नव्हती.

१९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात कोणी ती कुस्ती पाहत बसले नव्हते. बातमी आली तेव्हा आली. तिला उशीर झाला असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते, कारण पंचक्रोशीत कोणाला ती आधी कळलेली नव्हती. उशीर कळतो तो शेजाऱ्यामुळे. टीव्हीने चाळीभर, गावभर, देशभर एकच ‘आत्ता’ तयार केला होता. तो लोकांनी मागून घेतला नव्हता. एका उपग्रहाखाली बसल्यामुळे तो आपोआप मिळाला. फोनने तो पुन्हा प्रत्येकाचा वेगळा केला आहे. नुसता उशीर माणसाने केव्हाच पचवलेला आहे. जाचतो तो विषम उशीर.

या ‘आत्ता’ची किंमत न्यायालयांना आपल्या आधी कळली होती. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात एकदिवसीय मालिका खेळत होता. हक्क निंबस या खासगी कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला सामने दाखवू द्यायचे की नाही, यावर तंटा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: दूरदर्शनने सामने दाखवावेत, पण सात मिनिटे उशिराने. दृश्ये तीच, समालोचन तेच. सात मिनिटे मागे टाकली की मालाचा भाव उतरतो, हे त्यात गृहीत होते. म्हणजे हक्क म्हणून जे विकले गेले होते ते चित्र कमी आणि वेळ जास्त. सरकारने लगेच फेब्रुवारीत अध्यादेश काढला आणि त्याचा पुढे कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्र, जाहिराती वगळून, प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक ठरले. सात मिनिटे गेली. पण हा कायदा दूरदर्शनचे जमिनीवरचे मनोरे आणि तिची डीटीएच सेवा डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. तो झाला त्या मार्चमध्ये आयफोनही बाजारात आलेला नव्हता.

सहा वर्षांनी त्याच न्यायालयात प्रश्न आला तो चित्राशिवायच्या खेळाचा. मोबाइलवर चेंडूगणिक धावसंख्या पाठवणाऱ्या कंपन्यांवर स्टार इंडियाने दावा लावला. मार्च २०१३ मध्ये एकल न्यायाधीशांनी ठरवले की ताजी धावसंख्या विकायची तर परवाना घ्यावा. पंधरा मिनिटांनंतर कोणीही द्यावी. ऑगस्टमध्ये खंडपीठाने हा निकाल फिरवला. चौकार गेला ही घडलेली गोष्ट आहे आणि घडलेल्या गोष्टीवर कोणाची मालकी नसते, असा त्याचा मथितार्थ. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकेत १९९७ मध्येच, पेजरवर बास्केटबॉलचे गुण पाठवणाऱ्या मोटोरोला कंपनीच्या बाजूने असा कौल लागला होता. आज फोनवर चित्राच्या आधी ‘गडी बाद’ची सूचना टुणकन वाजते, तिचे मूळ इथे आहे. धावसंख्या म्हणजे मोजकी अक्षरे. त्यांना ना दाबावे लागते, ना तुकडे पाडावे लागतात, ना पिंपात साठवावे लागते. ती चित्राला गाठून पुढे जातात.

जिथे दोन ‘आत्ता’ असतात तिथे त्यांच्यामधल्या फटीत कोणीतरी पैसे लावतोच. टेनिसमध्ये प्रेक्षकांत बसून, खिशातले बटण दाबून गुण बाहेर कळवणारे लोक असतात. पंचांच्या यंत्रातून अधिकृत गुण पोचण्याआधी सट्टेवाल्याला एखाद-दुसरा सेकंद मिळाला तरी पुरतो. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत मेलबर्न पोलिसांनी अशा एका ब्रिटिश तरुणाला पकडले होते. पुढे आरोप मागे घेतले गेले. अर्धे मिनिट मागे असलेला फोन पाहून पैज लावणारा भाबडा माणूस कोणाशी खेळतो आहे, याची यावरून कल्पना यावी.

आता दुसरी बाजू, कारण केबल काढल्याचा मला सर्वस्वी पश्चात्ताप झालेला नाही. टीव्हीचा तो एकच ‘आत्ता’ मुंबई-दिल्लीत बसलेला कोणीतरी निवडत असे. ऑलिंपिकमध्ये एकाच वेळी वीस ठिकाणी खेळ चालू असतात आणि वाहिनी एक. नेमबाजीसारखा खेळ त्यात कोण घेणार? पॅरिसच्या २०२४ च्या खेळांसाठी ऑलिंपिक समितीच्या प्रक्षेपण संस्थेने ११,००० तासांहून अधिक चित्रण तयार केले होते आणि आपल्याकडे ऑनलाइन प्रक्षेपण फुकट होते. १ ऑगस्टला, गुरुवारी दुपारी एकला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलच्या अंतिम फेरीत उतरला. आठ नेमबाज, आधी गुडघ्यावर, मग पोटावर, मग उभ्याने. गुडघ्यावरच्या फैरी संपल्या तेव्हा तो सहावा होता, पोटावरच्या संपल्या तेव्हा पाचवा. उभ्याने नेम धरणे सगळ्यांत कठीण, आणि तिथेच तो वर सरकला. शेवटी ४५१.४ गुण, तिसरा क्रमांक. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळत होते आणि मी ते जेवणाच्या सुट्टीत, पोळीभाजीच्या डब्याशेजारी, गोळीगणिक पाहत होतो. ते चित्र किती सेकंद शिळे होते, हे मला आजही ठाऊक नाही आणि त्या दुपारी ते जाणवलेही नाही. आसपास नेमबाजी पाहणारा मी एकटाच होतो. माझ्या पुढे कोणी नव्हते.

हा हिशेब मला विचित्र वाटतो, पण आहे तो असा आहे. एकट्याने पाहायच्या खेळाला फोनने जे दिले ते टीव्ही कधी देऊ शकला नसता. मिळून पाहायच्या खेळात तो प्रत्येकाला एकटा करतो. ऑकलंडला राहणारा माझा मेहुणा हेच सामने तिथल्या हक्कधारक कंपनीच्या ॲपवर पाहतो, कारण हक्क देशागणिक विकले जातात आणि इथले ॲप तिथे उघडत नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा ‘गेला!’ आमच्या आधी येतो की नंतर, यावर आमच्याकडे खरोखर भांडणे झाली आहेत. शेवटी ‘सामना चालू असताना गटावर बोलायचे नाही’ असा ठराव झाला. बोलल्याशिवाय सामना पाहायचा तर गट कशाला, असे सासूबाईंचे म्हणणे, आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हते.

त्या नोव्हेंबरच्या रात्री वोल्वार्ट गेल्यानंतर आम्ही दोन-तीन षटके तशीच काढली. आधी खिडकीतून निकाल, मग डब्यापाशी चेंडू. नववा गडीही असाच आधी खिडकीतून गेला. मग पुतण्याने फोन उचलला, पालथा घातला आणि म्हणाला, “चला, गॅलरीत.” मध्यरात्र होत आली होती. स्टेडियमच्या दिव्यांचा उजेड इमारतींच्या वर धुक्यासारखा दिसत होता. समोरच्या इमारतीतही लोक गॅलऱ्यांत उभे होते, बहुतेक त्याच कारणासाठी. काही दिसत नव्हते, गोलंदाज कोण तेही कळत नव्हते. आवाज चढला, क्षणभर अडला, आणि मग इतका मोठा झाला की पुढचे फटाके त्यात वेगळे ऐकू आले नाहीत. काही सेकंदांनी जोश्यांकडे आरडाओरडा झाला. आत येऊन पुतण्याने फोन सुलटा केला. त्यात दीप्ती शर्मा अजून क्षेत्ररक्षण लावत होती आणि झेल घेण्यासाठी मागे धावणार असलेली हरमनप्रीत स्वस्थ उभी होती.